चालकाला मदत करणारा कॅमेरा गाडीत कधी येतो?



 या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी रास्त प्रश्न विचारला. आपोआप चालणाऱ्या गाड्या, त्यांचे कॅमेरे, हे सगळं बिदरजवळच्या जनवाड्यात कशाला?

मी म्हणतो, जनवाड्यातच बोलायला हवं. मांजरा नदी ओलांडून बिदर-औराद रस्त्याने रोज जाणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. शेजारी जहिराबादला 2013 पासून महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना चालतो. आपल्या भागातली मुलं चाकणला, पिंपरीला, हैदराबादला गाड्यांच्या आणि संगणकाच्या धंद्यात आहेत. गाडी घडवणारे हातही आपले आणि गाडीखाली येणारा जीवही आपलाच. मग गाडीत काय बसणार आणि कधी बसणार, हे आपण विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?

तर आजचा प्रश्न साधा आहे. चालकाला मदत करणाऱ्या, पुढे कधीतरी चालकाची जागा घेऊ पाहणाऱ्या यंत्रणेचा नवा कॅमेरा बाजारात आला, तर गाड्यांच्या कंपन्या तो आपल्या गाडीत कधी बसवतील? हे आधी ओळखता येतं का? माझं उत्तर आहे, बऱ्यापैकी ओळखता येतं. मात्र कंपनीच्या मालकाचं भाषण ऐकून ओळखता येत नाही.

भाषणांचं काय झालं ते आधी बघू. 2016 साली फोर्ड कंपनीने जाहीर केलं की 2021 पर्यंत स्टिअरिंग आणि पेडल नसलेली गाडी भाड्याच्या प्रवासासाठी रस्त्यावर आणू. ज्या आर्गो एआय कंपनीवर ही मदार होती, ती 2022 च्या ऑक्टोबरात बंद झाली. टेस्लाचे इलॉन मस्क यांनी एप्रिल 2019 मध्ये सांगितलं की पुढच्याच वर्षी चालकाशिवाय धावू शकतील अशा दहा लाख टॅक्स्या असतील. 2020 आलं आणि गेलं. टेस्लाची टॅक्सीसेवा अमेरिकेत ऑस्टिन शहरात सुरू झाली ती जून 2025 मध्ये, मोजक्या गाड्यांनिशी, आणि तेव्हाही गाडीत कंपनीचा माणूस देखरेखीला बसलेला होता.

ही माणसं बुद्धिमान आहेत, आणि त्यांच्याकडे पैसाही होता, अभियंतेही होते. मग अंदाज का चुकला? यंत्र शंभरातल्या नव्वद प्रसंगांत नीट चाललं, की उरलेले दहा थोड्या दिवसांत उरकतील असं त्यांना वाटलं. रस्त्यावर उरलेल्या त्या दहांतच सगळी मेहनत असते. अवघड प्रसंग सुटायला किती काळ लागेल, हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही. पण कॅमेरा, चिप, वायरिंग ही हातात धरता येणारी वस्तू गाडीत कधी बसेल, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधता येतं. हे दोन प्रश्न वर्तमानपत्रांत कायम एकत्र केले जातात. आज आपण ते वेगळे ठेवू.

आधी वस्तू बघू. नव्या गाडीत पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला, मधल्या आरशाच्या मागे, काळ्या प्लास्टिकची एक पेटी चिकटवलेली दिसेल. त्यात एक भिंग आहे, भिंगामागे प्रकाश टिपणारी चकती आहे, आणि त्या चित्राचा अर्थ लावणारी चिप आहे. पुढे गाडी आहे का, माणूस आहे का, पांढरा पट्टा कुठून चालला आहे, हे ती सेकंदाला अनेकदा ठरवते. आपल्या मोबाइलमध्ये यापेक्षा भारी कॅमेरा असतो, मग यात विशेष ते काय? विशेष हे, की मोबाइल उन्हात तापला तर आपण तो खिशात ठेवतो. ही पेटी मे महिन्यात बंद गाडीच्या काचेला चिकटून दिवसभर तापते आणि संध्याकाळी गाडी सुरू केल्या क्षणी तिला अचूक काम करावं लागतं. पश्चिमेकडे जाताना सूर्य थेट भिंगात घुसत असताना समोरच्या लिंबाच्या गर्द सावलीतली म्हैस तिला दिसायला हवी. आजकालचे एलईडी दिवे सेकंदाला कितीतरी वेळा विझून पेटतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण साध्या कॅमेऱ्याने नेमक्या विझलेल्या क्षणी चित्र घेतलं तर पेटलेला लाल सिग्नल त्याला काळा दिसतो. नव्या पिढीचे कॅमेरे सुधारले आहेत ते इथे. उजेड-अंधार एकाच चित्रात पकडणं, एलईडीची लुकलुक झेलणं, आणि पूर्वीच्या एक-दीड मेगापिक्सेलच्या जागी आठ मेगापिक्सेलपर्यंत जाणं. मेगापिक्सेल वाढले की दूरचा माणूस लवकर ओळखू येतो, आणि वेगात तेवढ्या अंतरानेच जीव वाचतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. हा कॅमेरा एका अंशाने जरी वाकडा बसला, तर शंभर मीटरवर त्याचं निशाण पावणेदोन मीटर चुकतं. पावणेदोन मीटर म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. म्हणून दगड लागून काच फुटली आणि नवी बसवली, की सपाट जागेवर, समोर ठराविक फलक मांडून कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. काच बदलणारे तालुक्याला आहेत. कॅमेरा जुळवणारे किती आहेत? गाडी घेताना हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.

आता अंदाजाकडे येतो. पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे गाडीचं वेळापत्रक. आपण तुरीच्या मुलखातली माणसं आहोत. तूर जूनमध्ये पेरली तर डिसेंबर-जानेवारीत काढायची. ऑक्टोबरात चांगलं बियाणं बाजारात आलं, म्हणून उभ्या पिकात ते घालता येत नाही, पुढच्या पेरणीची वाट बघावी लागते. गाडीचंही असंच आहे. नवी गाडी रस्त्यावर यायच्या तीन-चार वर्षं आधी तिचा कॅमेरा, चिप, वायरिंग, काचेचा उतार, पुरवठादार हे सगळं ठरतं. मग पुढे उन्हा-थंडीच्या, धक्क्यांच्या चाचण्या होतात. शेवटच्या वर्षी कितीही चांगला कॅमेरा निघाला तरी तो त्या गाडीत जात नाही.

याचे पुरावे बघा. मोबिलआय ही जेरुसलेमची कंपनी 1999 साली स्थापन झाली आणि 2017 मध्ये इंटेलने ती सुमारे पंधरा अब्ज डॉलरला घेतली. गाडीच्या कॅमेऱ्याची चिप म्हटलं की जगात तिचं नाव आधी येतं. तिने आयक्यू-5 ही चिप 2016 मध्ये जाहीर केली. ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या गाडीत, चीनच्या झीकर 001 मध्ये, ती दिसली 2021 साली. पाच वर्षं लागली. पुढची आयक्यू-6 जाहीर झाली जानेवारी 2022 मध्ये. जानेवारी 2024 मध्ये महिंद्रा आणि मोबिलआय यांनी ती वापरण्याविषयी बोलणी जाहीर केली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये महिंद्राने बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या चाकणला बनणाऱ्या विजेच्या गाड्या सादर केल्या, त्यांत ही चिप आली. जेमतेम तीन वर्षांत! जगात नवी असलेली चिप चाकणच्या कारखान्यात जवळजवळ जगाबरोबरच आली, ही माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली आपल्या वाहनउद्योगातली मोठी बातमी आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. हे घडलं कशामुळे? ती गाडी मुळापासून नवी होती. जुन्या सांगाड्यावर नवा कॅमेरा चढवायचा असता तर इतक्या लवकर जमलं नसतं.

आणि सगळ्यांत घाईची कंपनी घ्या. टेस्ला स्वतःच चिप आखते, स्वतःच गाडी बनवते, पुरवठादाराची वाट बघत नाही. तरी आठ कॅमेऱ्यांची पहिली रचना ऑक्टोबर 2016 मध्ये, पुढची चिप 2019 मध्ये, त्यापुढची चिप नव्या कॅमेऱ्यांसह 2023 मध्ये. म्हणजे एका पिढीला तीन-चार वर्षं. घाईच्या कंपनीला इतकी, तर बाकीच्यांना त्याहून कमी लागतील असं कोणत्या आधारावर धरायचं? म्हणून "पुढच्या वर्षी सगळ्या गाड्यांत" असं कोणी म्हणालं, तर विचारा: कोणत्या मॉडेलची नवी पिढी पुढच्या वर्षी येते आहे? मॉडेलचं नाव सांगता आलं नाही, तर तो अंदाज सोडून द्या.

दुसरी गोष्ट किंमत. इथे मला आपल्याच बाजारातला आकडा बोलका वाटतो. ऑक्टोबर 2020 मध्ये एमजी ग्लॉस्टर आली. कॅमेऱ्या-रडारवर चालणारी मदत तिच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये होती, किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. 2021 मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 ने ती वीस लाखांच्या घरात आणली. डिसेंबर 2024 मध्ये होंडा अमेझची नवी पिढी आली, आणि तिच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये ही मदत शोरूमच्या दहा लाखांच्या आतल्या किमतीत मिळू लागली. चार वर्षांत पस्तीस लाखांवरून दहा लाखांच्या आत! अमेझमध्ये हे जमलं, कारण तिथे सगळं काम पुढच्या एका कॅमेऱ्यावर सोपवलं, रडार घातलंच नाही. कॅमेरा स्वस्त झाला तशी मदत खाली उतरली. स्वस्ताईची ही वाट अशीच राहील असं मी धरतो. पण एक लक्षात ठेवा, ती प्रत्येक गाडीत वरच्या व्हेरिएंटपासून सुरू होते. आपल्या भागात जास्त खपतात ती खालची व्हेरिएंट, आणि त्याहून जास्त खपतात हैदराबाद-पुण्याहून आलेल्या जुन्या गाड्या. आज शोरूममध्ये आलेला कॅमेरा आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत पोचायला आणखी दहा-पंधरा वर्षं जातात.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक इशाराही आहे. टेस्लाने 2019 च्या चिपबद्दल सांगितलं होतं की पूर्ण स्वयंचलित चालण्याला लागणारं सगळं गाडीत आहे. जानेवारी 2025 मध्ये मस्क यांनीच मान्य केलं की ज्यांनी त्यासाठी पैसे भरले, त्यांच्या गाडीतला संगणक बदलावा लागेल. सॉफ्टवेअर नंतर हवेतून येतं, भिंग आणि चिप येत नाहीत. गाडी विकत घ्याल ती आज ती जे करते त्यासाठी घ्या, उद्याच्या वचनासाठी घेऊ नका.

तिसरी गोष्ट कायदा. यात मी थोडा रेंगाळणार आहे, कारण अंदाज बांधणाऱ्याला इथे सगळ्यांत जास्त हाती लागतं.

अमेरिकेत मागे येणाऱ्या गाडीखाली लहान मुलं सापडत होती. 2008 मध्ये कायदा झाला, त्याला अशाच अपघातात गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाचं नाव दिलं गेलं. मागच्या कॅमेऱ्याचा नियम मात्र लांबत लांबत 2014 ला पक्का झाला, आणि सगळ्या नव्या गाड्यांना तो पूर्ण लागू झाला मे 2018 मध्ये. दहा वर्षं! आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत मागे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाला. नीट ऐका, सेन्सर, कॅमेरा नव्हे. मग काय झालं? खालच्या व्हेरिएंटमध्ये सेन्सर आला, कॅमेरा वरच्यातच राहिला. नियमात जो शब्द असतो, कंपनी तेवढंच बसवते. म्हणून नियमाची बातमी वाचून थांबू नका, नियमाचा मसुदा वाचा.

आणि कायदा मागे गेला तर? गाडीत सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी 2022 मध्ये आला, ऑक्टोबर 2022 ची मुदत होती, ती वर्षाने पुढे ढकलली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं की सक्ती करणार नाही. पण दरम्यान ऑगस्ट 2023 मध्ये भारत एनकॅप ही ताऱ्यांनी सुरक्षा मोजणारी पद्धत जाहीर झाली होती, ग्राहक तारे विचारू लागला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये ह्युंदाईने आपल्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं. सक्ती नव्हती, तरी आल्या. तुम्ही शोरूममध्ये विचारलेला एक प्रश्न कधी कधी राजपत्राइतकं काम करतो, असं मी यावरून म्हणतो.

आता जो मसुदा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो. मार्च 2025 मध्ये केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने बस आणि ट्रक यांसारख्या मोठ्या वाहनांसाठी आपोआप लागणारा ब्रेक, चालकाला डुलकी लागली तर इशारा, लेन सुटली तर इशारा, हे बंधनकारक करण्याचा मसुदा काढला. रात्री पुणे-सोलापूर-हुमनाबाद-हैदराबाद मार्गाने जाणाऱ्या ट्रकचा विचार करा. बारा-चौदा तास चाक धरलेला चालक, पहाटेची वेळ. भारी कारमधला कॅमेरा एका कुटुंबाचं रक्षण करतो, ट्रकमधला कॅमेरा त्या ट्रकसमोर येणाऱ्या प्रत्येकाचं. म्हणून अंदाज बांधताना मी आधी ट्रककडे आणि बसकडे बघतो.

हे नुसतं कागदावर नाही. 2021 मध्ये नागपुरात आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका एकत्र आल्या, आणि शहर बसगाड्यांना टक्कर टाळणाऱ्या कॅमेऱ्याची यंत्रणा बाहेरून जोडली गेली. पुढचं वाहन फार जवळ आलं, माणूस आडवा आला, लेन सुटली, की चालकाला इशारा मिळतो. यातली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. असे इशारे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येऊ लागले, की तिथे अजून कोणी मेलेलं नसलं तरी ती जागा धोक्याची आहे हे कळतं. आपल्याकडे ब्लॅक स्पॉट ठरतो माणसं दगावल्यावर. नागपूरकरांनी ग्रे स्पॉट शोधायला घेतले, म्हणजे माणसं दगावायच्या आधीच. नवी बस विकत घेण्याची वाट न बघता, चालत्या बसमध्ये हे झालं.

आता चौथी आणि शेवटची गोष्ट, आपला रस्ता. कॅमेरा जे बघतो त्याचा अर्थ चिप लावते, आणि चिपला अर्थ शिकवला जातो चित्रांनी. ती चित्रं युरोप-अमेरिकेतली असतील, तर तिथे रिक्षा नाही, रस्त्याच्या कडेला बसलेली गुरं नाहीत, डांबर संपून मुरूम कुठे सुरू झाला हे न कळणारी कड नाही. याच अडचणीवर उपाय म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलबरोबर 2018 मध्ये भारतीय रस्त्यांचा चित्रसंच तयार केला. सुमारे दहा हजार चित्रं, चौतीस प्रकारच्या वस्तूंची ओळख, त्यांत रिक्षाही आहे, जनावरंही आहेत, आणि गाडी जाऊ शकेल अशी रस्त्यालगतची कच्ची जागाही आहे. ती चित्रं हैदराबाद, बेंगळुरू आणि त्यांच्या आसपासची आहेत.

मग आपला रस्ता त्यात आहे का? बिदरहून निघून एका दिवसात आपण कन्नड, मराठी, तेलुगू अशा तीन लिप्यांच्या पाट्या वाचतो. वेगमर्यादेचा आकडा कॅमेऱ्याला वाचता येईल, पण 'पुढे काम चालू आहे, वळून जा' हे ज्या भाषेत पत्र्यावर रंगवलं असेल ते त्याला कोण शिकवणार? आणि ऊस. रात्री एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली किंवा उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. कॅमेरा वाहन ओळखतो ते मागच्या दोन दिव्यांवरून, चाकांवरून, खालच्या सावलीवरून, चौकोनी आकारावरून. इथे यांतलं काय उरलं? समोरून येणाऱ्याच्या प्रखर दिव्यात तर चालकाच्या डोळ्यालाही ती ट्रॉली दिसत नाही. वर मी सांगितलेला मसुदा ट्रॅक्टरला लागूच नाही. देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. आपल्याकडच्या दुचाकीस्वाराला विचारा, त्याला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते. तो उभ्या ट्रॉलीचं नाव घेईल.

आता माझे अंदाज सांगतो. उद्या तुम्ही ते तपासून बघावेत म्हणून स्पष्ट सांगतो. दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या गाड्यांचे कॅमेरे आजच ठरून गेले आहेत, त्यामुळे आज नवीन म्हणून गाजणारा कॅमेरा जुन्या मॉडेलांत मध्येच येणार नाही. तो त्यांच्या पुढच्या पूर्ण नव्या पिढीत येईल, आणि आधी विजेच्या गाड्यांत येईल. दहा लाखांच्या आसपासच्या गाड्यांत पुढचा कॅमेरा 2030 पर्यंत वरच्या व्हेरिएंटची नेहमीची गोष्ट झालेला असेल, खालच्या व्हेरिएंटमध्ये तो नियम आला किंवा ताऱ्यांचे गुण त्यावर मिळू लागले तरच येईल. ट्रक-बसचा नियम मुदतीच्या बाबतीत थोडा पुढे-मागे होईल, पण मागे घेतला जाईल असं मला वाटत नाही. आणि चालकाशिवाय गाडी? नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये सांगितलं की चालकांच्या रोजगारासाठी अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. धोरण बदलू शकतं. पण बिदर-औराद रस्त्यावर रात्री चालकाशिवाय गाडी जाईल, असं वर्ष मी आज सांगणार नाही, कारण त्याला लागणारी चित्रंच अजून कोणी काढलेली नाहीत.

ती चित्रं काढायला परदेशातून कोणी यायची गरज नाही. बिदरला आणि भालकीला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. चित्रसंच कसा करायचा हे दीडशे किलोमीटरवरच्या हैदराबादने करून दाखवलं आहे. गाडीच्या पुढच्या काचेला लावलेला साधा कॅमेरा, एक पूर्ण हंगाम, दिवस-रात्र, पाऊस-धूळ, आणि प्रत्येक चित्रात कोणती वस्तू कुठे आहे हे बसून नोंदवणारे विद्यार्थी, एवढ्यावर सुरुवात होते. नोंदवताना वाहनाच्या यादीत ऊस भरलेली ट्रॉली हा वेगळा प्रकार घाला, दिवा असलेली आणि नसलेली अशी दोन खाती करा. आणि साखर कारखान्यांच्या संचालकांपैकी कोणी इथे असतील तर त्यांना माझी विनंती आहे: यंदाच्या गाळपाला ऊस घेऊन येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला वजनकाट्यावरच मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा, पट्टी नसेल ती ट्रॉली परत फिरताना लावूनच सोडा. ती पट्टी कॅमेऱ्यालाही दिसेल, आणि ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्या दुचाकीवाल्यालाही दिसेल.